अर्धा पलंग

१ डिसेंबर

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्चमध्ये मिस्साला जाता आलं नाही. ताईला एकटीला सोडता येत नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई तिच्यापाशी बसतात त्या फक्त माझ्या कामाच्या वेळेत, रविवारी नाही. त्यांना मी मनातल्या मनात रेडिओ म्हणते. पूर्वीची ताई असती तर हे नाव ऐकून पोट धरून हसली असती. आताच्या ताईला सांगितलं, तर तिने भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "रेडिओ बंद करा, प्रार्थनेची वेळ झाली."

मिस्सा नाही तर नाही, म्हणून शाळेतला जुना नेम पुन्हा धरला आहे. बोर्डिंगच्या हॉलमध्ये डिसेंबर लागला की लाकडाची रिकामी गव्हाणी मांडत. आम्ही मुलींनी कुणाशी चांगलं वागलं की तिच्यात गवताची एक काडी टाकायची, तीही कुणी बघत नसताना. चोवीस तारखेला त्या काड्यांवर येशूबाळ ठेवायचं. काड्या कमी पडल्या तर बाळाच्या पाठीला लाकूड टोचणार! शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, "दारात येईल तो येशूच आहे असं समजून दार उघडा." मी त्या वेळी सहा वर्षांची, सगळ्यांत लहान, ताई अकरा वर्षांची. एवढीशी असूनही मी अंधाऱ्या डॉर्मिटरीत एकाही रात्री रडले नाही, म्हणून सिस्टरनी सर्वांसमोर मला येशूबाळाचं चित्र बक्षीस दिलं होतं. अजून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. ताईला मात्र त्या वर्षी 'धांदरट' हे नाव पडलं, कारण ती झोपेत दोनदा पलंगावरून खाली पडली.

गवत कुठून आणणार? नव्या झाडूच्या काड्या कापल्या आणि बुटांच्या खोक्याची गव्हाणी केली. झाडू जरा टकला दिसतो.

३ डिसेंबर

पार्सलवाला चार जिने चढून आला तो शेजारच्यांचं पार्सल घेऊन. पूर्वी मी दारातूनच "इथलं नाही" म्हटलं असतं. आज त्याला बसवलं, पाणी दिलं, पार्सल ठेवून घेतलं. एक काडी.

दुकानात कोटांचा ढीग आहे. थंडी पडली की लोक कपाटं उघडतात आणि कसरीने केलेली भोकं घेऊन आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात येतात. मालक सगळ्यांना एकच सांगतात, "आमच्या बाई रफू करतील, तुमच्या बायकोलासुद्धा सापडणार नाही." त्यांना वाटतं हा विनोद नवा आहे. तीस वर्षं ऐकतेय.

घरी आले तर ताई आजही पलंगाच्या अगदी कडेला झोपली होती. एक हात, एक पाय बाहेर. बाकी सगळा पलंग मोकळा, आणि पांघरुणाची त्या बाजूची घडी नीट उलगडून ठेवलेली. किती वेळा तिला मध्ये सरकवलं, तरी पुन्हा कडेला येते. म्हणून मी तिच्या बाजूला नेहमी खुर्ची लावून ठेवते, पाठ पलंगाला टेकवून, आणि खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं, म्हणजे ती सरकत नाही. दोन वर्षं झाली, एकदाही पडलेली नाही.

कुणासाठी जागा ठेवतेस, असं विचारलं की ओठांवर बोट ठेवते.

६ डिसेंबर

रेडिओने वाईट बातमी दिली. मुलीचं बाळंतपण आहे, वीस तारखेला तिच्याकडे जाणार, आणि परत कधी येतील ते त्यांनाच माहीत नाही.

"मी तरी काय करू? पोटची पोर आहे," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना चहा करून दिला आणि अर्धा तास सगळं ऐकून घेतलं. एक काडी टाकली खरी, पण ऐकताना माझं अर्धं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं: वीस तारखेनंतर ताईपाशी कोण?

मालकांना विचारलं, काम घरी नेऊ का? म्हणाले, "बाई, गिऱ्हाइकाचा कोट मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही. तुमच्यावर अविश्वास नाही हो, पण नियम म्हणजे नियम." काम सोडावं तर घर कशावर चालणार, हे लिहिण्याचीही गरज नाही.

८ डिसेंबर

दुपारी ताईचं पांघरूण सारखं करायला गेले. ती दचकून जागी झाली आणि छातीशी हात घेऊन म्हणाली, "सिस्टर, इथे कोणी नाही. मी एकटीच आहे."

मी म्हटलं, "ताई, अगं मी सिस्टर नाही. मी चिमणी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. माझे पांढरे केस, चष्मा, हातातली चादर. मग समजूत घातल्यासारखी म्हणाली, "चिमणी तिकडे झोपलीय, तिच्या पलंगावर. रडत नाही ती. शहाणी आहे."

आता मला ती ओळखत नाही हे मान्य केलं पाहिजे. पण माझ्याबद्दल तिने अजून चांगलंच सांगावं, याचा आनंद झाला.

११ डिसेंबर

परवा रेडिओ तासाभरासाठी दवाखान्यात गेल्या होत्या. तेवढ्यात ताईने नळ सोडला, आणि पाणी जिन्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं. मी घरी आले तर ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून कपडे वाळत घालत होती. कोरडे कपडे.

रात्रीच्या जेवणाआधी भाच्याचा परदेशातून फोन. सगळं सांगितलं.

"मावशी, तू आईसाठी जे केलंस ते मी करू शकलो नसतो," तो म्हणाला. "पण आता पुरे. मी वृद्धांच्या एका निवासाची चौकशी केलीय. सिस्टर्स नाहीत तिथे, पण स्वच्छ आहे. एक जागा रिकामी झालीय. एकोणीसपर्यंत धरून ठेवतील, मग दुसऱ्याला देतील."

"रिकामी म्हणजे?"

तो म्हणाला, "रिकामी म्हणजे रिकामी, मावशी."

१३ डिसेंबर

निवास बघून आले. लांब कॉरिडॉर, हिरवट भिंती, खाली पुसून लख्ख केलेल्या फरश्या. प्रत्येकाला खोली, पलंग, एक कपाट. जेवणघरात आठदहा म्हाताऱ्या टेबलाशी बसल्या होत्या, सगळ्यांचे हात एकाच पद्धतीने मांडीवर ठेवलेले. नाताळचा कागदी तारा लावला होता.

तिथल्या मोठ्या बाई शिस्तीच्या आहेत, पण वाईट नाहीत. म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. ज्यांच्यावर रात्री लक्ष ठेवावं लागतं त्यांना आम्ही घेत नाही. मजल्यावर रात्री एकच नर्स असते. नंतर कुणाचं मन मोडण्यापेक्षा आधीच विचारतो."

मग फॉर्म दिला. तिथेच बसून भरला. पुढची बाजू सोपी होती: वय एकाहत्तर, औषधं, डॉक्टरचा नंबर. मागच्या बाजूला झोप, चालणं, सवयी. 'झोप कशी आहे?' या प्रश्नापाशी माझं पेन थांबलं. मग लिहिलं, 'शांत झोप लागते.' हे खोटं नाही. झोप तिला शांतच लागते. 'विशेष सवयी' पुढे लिहिलं, 'काही नाही.'

मोठ्या बाई म्हणाल्या, "किती सुंदर अक्षर आहे तुमचं! कॉन्व्हेंट का?"

मी हो म्हटलं आणि मला मान वर करता येईना.

१५ डिसेंबर

झोप नाही. रफू करताना कोटाच्याच आतल्या शिवणीतला धागा काढून त्याच धाग्याने भोक विणायचं असतं. रंग जुळतो, वीण जुळते, भोक होतं हे कुणाला कळत नाही. पण शिवणाच्या सिस्टर आमचं काम हातात घेतलं की आधी उलटं करायच्या. "पुढून सगळेच छान दिसतात," म्हणायच्या. काल दुकानात हातातला कोट मी चारपाच वेळा उलटा केला. मालक म्हणाले, "बाई, भोक हरवलं की काय?"

१६ डिसेंबर

रेडिओ ताईचे केस विंचरत होत्या. अगदी सहज विचारलं त्यांनी, "त्यांना खुर्चीचं सांगितलंत ना?"

"सांगते," मी म्हटलं.

"फॉर्ममध्ये लिहिलं असेलच म्हणा. तुम्ही काय, कॉमासुद्धा चुकवणार नाही."

 त्यांनी आणखी बरंच सांगितलं, लेकीचं, जावयाचं, दाढदुखीचं. मी ऐकून घेतलं. काडी टाकायची होती, पण टाकली नाही.

१८ डिसेंबर

ताईची सुटकेस भरली. सहा कपडे, गरम मोजे, तिचा कंगवा. खुर्ची सुटकेसमध्ये मावत नाही. हसू आलं आणि मग हसू आल्याची लाज वाटली.

ठरवलं आहे: उद्या तिथे गेले की नर्सला बाजूला घेऊन तोंडी सांगायचं. लेखी नाही, तोंडी. म्हणजे जागाही जाणार नाही आणि त्यांना कळेलही.

१९ डिसेंबर

पोहोचवून आले.

नर्सची ड्यूटी बदलायची वेळ होती. एक कोट घालत होती, दुसरी आलेली नव्हती. मोठ्या बाई शेजारीच उभ्या होत्या, किल्ल्या हातात, सगळा वेळ. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा "पाणी मिळेल का" म्हणाले. दुसऱ्यांदा "खोली छान आहे" म्हणाले.

पलंगाची एक बाजू भिंतीला आहे, हे बघून बरं वाटलं. नंतर लक्षात आलं की ताई भिंतीची बाजू मोकळी सोडेल.

ताई पलंगावर बसली, हाताने गादी दाबून बघितली. मला म्हणाली, "सिस्टर, खिडकीतून वारा येतो. तिला सर्दी होईल."

"कुणाला गं ताई?"

ओठांवर बोट.

मोठ्या बाई म्हणाल्या, "आठवडाभर भेटायला येऊ नका. माणूस रुळेपर्यंत आम्ही तसंच सांगतो. घरचं कुणी दिसलं की रडतात." मी त्यांचे आभार मानले. अगदी मनापासून, हात हातात घेऊन. घरी येऊन त्याबद्दल एक काडी टाकली. टाकू नये हे कळत होतं. तरी टाकली.

२० डिसेंबर

रेडिओ गेल्या. जिन्यात आवाज नाही. ताईच्या पलंगापाशी खुर्ची तशीच आहे, गाठोड्यासकट. उचलवत नाही.

२२ डिसेंबर

मिस्साला गेले. दोन वर्षांनी. प्रवचन त्या धर्मशाळेबद्दल होतं जिथे मरियेला जागा मिळाली नाही. फादर म्हणाले, धर्मशाळेचा मालक दुष्ट नसावा, त्याने फक्त रजिस्टर पाहिलं असेल. सगळे हसले. मी उठून बाहेर गेले.

बाहेरच्या फोनवरून निवासाला फोन लावला. म्हटलं, ताई कशी आहे? "मजेत. शांत झोपतात," उत्तर आलं. ते माझंच वाक्य होतं. म्हटलं, "एक सांगायचं होतं." पलीकडून विचारलं, "तातडीचं आहे का? आता जेवणं चाललीत." मी म्हटलं, "नाही, उद्या करते."

२३ डिसेंबर

दुकान संध्याकाळपर्यंत. सणाआधीचे कोट. फोन केला नाही. कारण लिहीत नाही, कारण नाहीच.

२४ डिसेंबर

सकाळी सातला फोन. पहाटे केव्हातरी पडली. किती वेळ फरशीवर होती ते माहीत नाही. मांडीच्या वरचं हाड मोडलंय. हॉस्पिटलात आहे.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "आम्हांला कल्पनाच नव्हती. तुम्हांला होती का?"

मी म्हटलं, "हो."

 मग त्या म्हणाल्या, "लवकर जा त्यांच्याकडे."

२५ डिसेंबर

ऑपरेशन झालं. हृदय कमजोर आहे, डॉक्टरांनी सांगितलं. भाच्याला विमान मिळत नाहीये. फोनवर रडत होता, "मावशी, तुझा काय दोष?" म्हणत होता. मी त्याला सांगितलं, माझा काय दोष ते. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तू हे मला सांगायला नको होतंस." तेही खरं असेल.

गव्हाणीत बाळ ठेवलं नाही.

२७ डिसेंबर

हे नीट लिहून ठेवायचं आहे.

दुपारी वॉर्डात भेटीची वेळ संपत आली होती. पलंगाला दोन्हीकडे लोखंडी कठडे. ताई पाठीवर, पायाला बँडेज, हलता येत नाही. तरीही खांदे एका बाजूला ओढलेले, डोकं कठड्याला टेकलेलं. उशीची अर्धी बाजू मोकळी.

मी खुर्चीवर बसले होते. वॉर्ड थंडगार. माझे दात वाजायला लागले, थंडीने की कशाने माहीत नाही. ताईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. आणि जो हात हलत होता त्या हाताने पांघरुणाचं टोक उचललं.

"ये चिमणे," ती कुजबुजली. "सिस्टर गेल्या. पाय माझ्या पायांत घाल, गार पडले असतील."

कुणी काय शिकवलं, कुणी काय बक्षीस दिलं, सगळं एका क्षणात उलटं झालं. कापड उलटं करावं तसं. मी एकाही रात्री रडले नव्हते, कारण एकाही रात्री मी माझ्या पलंगावर नव्हते. ती दोनदा पडली होती. धांदरट म्हणून सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले होते. मला आठवतंय. चित्र हातात धरून हसले होते.

मी चपला काढल्या, कठडा खाली केला आणि तिच्या शेजारी आडवी झाले. सहासष्ट वर्षांची बाई, हॉस्पिटलच्या पलंगावर. जागा बरोबर माझ्याएवढी होती.

नर्स आली. "अहो आजी, हे काय? नातेवाइकांनी पलंगावर झोपायचं नाही."

ताईने पांघरूण माझ्या डोक्यावरून ओढलं आणि म्हणाली, "सिस्टर, इथे कोणी नाही. मी एकटीच आहे."

पांघरुणाच्या आत मला तिचा श्वास ऐकू येत होता, भराभर, चोरी पकडली जाईल म्हणून घाबरलेला.  पडदा ओढल्याचा आवाज आला आणि नर्सची पावलं लांब गेली.

३० डिसेंबर

ताई गेली. सकाळी साडेदहाला. मी तिच्याकडे जाताना बसमध्ये होते.

२ जानेवारी

पुरून आलो. भाचा पोहोचला. माझ्याशी बोलतो, पण बघत नाही. रेडिओंनी फोनवर नातवाचं रडणं ऐकवलं आणि मग स्वतः रडल्या. "खुर्चीचं सांगायला हवं होतं हो," असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. जन्मात पहिल्यांदा एक वाक्य त्यांनी गिळलं.

मालक म्हणाले, हवे तेवढे दिवस घ्या. म्हटलं, उद्याच येते.

६ जानेवारी

तीन राजांचा दिवस. नाताळ संपला.

निवासातला माणूस ताईची सुटकेस घेऊन आला. चार जिने चढून. मी दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. तो म्हणाला, "तुमच्या ताई मला रोज खोलीत बोलवायच्या. या, बसा, दमला असाल, म्हणायच्या. मी म्हणायचो, आजी, फरशी ओली आहे, पुसून घेऊ दे. म्हणायच्या, फरशी कुठे पळते?" तो हसला, मग डोळे पुसले. "तेवढ्यासाठी मीच आणली सुटकेस. ते कुरिअरने पाठवणार होते."

तो गेल्यावर खोकं उघडलं आणि काड्या काढल्या. एकोणीस तारखेची कुठली ते ओळखू येत नाही. सगळ्या सारख्याच दिसतात. कचऱ्यात टाकल्या.

सुटकेसमध्ये सहा कपडे, मोजे, कंगवा आणि सगळ्यांत वर माझा फॉर्म, त्यांच्या शिक्क्यासकट. पुढची बाजू वाचली नाही. उलटा केला.

'काही नाही' यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली उरलेल्या जागेत लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

'पलंगाच्या कडेला झोपते. बाजूला खुर्ची लावावी. उरलेली जागा रिकामी नाही, धाकट्या बहिणीची आहे. तिला अंधाराची भीती वाटते.'

सही केली. आजची तारीख घातली.